विहिरीजवळ ठेवलेली घागर
(पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील आठ वर्षे)

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांना नवे नाही. बेळगाव असो, इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद, शब्बाथशाळेतल्या एखाद्या मुलाला उभे करून रमाबाई कोण असे विचारले, तर केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातून वाचविलेल्या मुली आणि पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर एवढे तो सहज सांगतो. आम्हीही कित्येक वर्षे मुलांना हेच शिकवीत आलो. सन १८८३ मध्ये बाप्तिस्मा, सन १८८९ मध्ये शारदासदन, पुढे मुक्तिसदन, अशी पायरीपायरीने वर जाणारी ती गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड आहे.

परंतु रमाबाईंनी स्वतः १९०७ साली जी साक्ष प्रसिद्ध केली, तिच्यातला जिना इतका सरळ नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे सन १८९१ च्या सुमारास, त्यांना असे उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त मात्र अद्याप आपला झालेला नाही. ही कबुली देणारी बाई नवशिकी नव्हती. तिची कीर्ती कलकत्त्यापासून अमेरिकेपर्यंत पोचलेली होती. ती एक संस्था चालवीत होती. तिच्या हाताखाली मुली शिकत होत्या.

मग ती आठ वर्षे कशात गेली? प्रभू आणि रमाबाई ह्यांच्यामध्ये काय उभे होते? हा प्रश्न आम्हांस चरित्राच्या आवडीने पडला नाही. तो आमच्या स्वतःच्या गरजेने पडला. कारण बाप्तिस्मा झालेला, प्रभुभोजनास बसणारा, वर्गाला शिकविणारा माणूसही आतून लपलेला असू शकतो, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

विद्या हीच भाकर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे, आजच्या कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकविले. त्या काळी ही गोष्ट अपराधासारखी मानली जाई, आणि त्याबद्दल त्यांना धर्माधिकाऱ्यांपुढे जाब द्यावा लागला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब रान सोडून तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावरून नेले. पुढे आईनेच त्यांना शिकविले आणि हजारो श्लोक त्यांच्या मुखी बसले.

देवळाच्या आवारात बसून पुराण वाचावे आणि ऐकणारे जे ठेवतील त्यावर गुजराण करावी, असा त्या घराचा क्रम होता. म्हणजे ह्या मुलीला विद्या ही नुसती शोभा नव्हती. विद्या हीच भाकर होती. श्लोक शुद्ध म्हटला तर चूल पेटे.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. ह्या काळाविषयी रमाबाईंनी मोठेपणी जे लिहिले ते वाचताना मन गलबलते. दागिने गेले, चांदी गेली, तांब्याची भांडीही गेली. तिरुपतीच्या बाजूच्या रानात पाला आणि रानफळे खाऊन दिवस काढावे लागले. परंतु ह्या सगळ्यांत त्यांना अधिक टोचले ते निराळेच. मोलमजुरी करावी तर आपण पडलो शास्त्र्याच्या घरचे. भीक मागावी तर लाज. आणि हाताने काही काम करून पोट भरावे, तर ते कोणी शिकविलेले नाही. कुलाचा व विद्येचा मान राखण्यासाठी ते घर उपासमार लपवीत राहिले. सन १८७४ च्या सुमारास वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे मोठी बहीणही गेली. आजारी आईला भाकरीचा तुकडा हवासा वाटला, तो मागायला रमाबाई शेजारी गेल्या, तर तोंडातून शब्दच फुटेना. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळेनात. रमाबाईंची उंची कमी म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने ह्या प्रसंगांतून काय शिकावे? मोठी माणसे मरतात. देव ऐकतो की नाही याचा भरवसा नाही. शेजारी मदत करतील याचाही नाही. तेव्हा आपले आपणच उभे राहिले पाहिजे, आणि आपल्याजवळ उभे राहण्यासाठी एकच काठी आहे, ती म्हणजे विद्या. असे त्या मोठ्याने म्हणाल्या असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुढील वर्षे पाहता, हा धडा त्यांच्या अंगात भिनला होता असे आम्हांस वाटते. आणि त्याबद्दल त्यांना दोष देणारे आपण कोण? त्या काठीनेच त्यांना जगविले.

भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई ह्यांनी नंतर चार हजार मैलांहून अधिक वाट पायी तुडविली. झेलमच्या काठी थंडीने जीव जाण्याची वेळ आली, तेव्हा वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू अंगावर ओढून त्यांनी रात्र काढली. आमच्या मनात ते चित्र खोल रुतून बसले आहे. माणूस थंडीपासून वाचण्यासाठी स्वतःला पुरून घेतो. त्या रात्री ते शहाणपणाचे होते. पण रात्र सरल्यावरही कोणी खड्ड्यातच राहिले, तर ती ऊब त्याची कबर होते.

मानाची ढाल

सन १८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. ज्या विद्येने काल भाकर दिली तिने आज मान दिला. पण दुःख पाठ सोडीना. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी, जातीची बंधने ओलांडून, नोंदणी पद्धतीने विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, बहीण, भाऊ आणि नवरा एवढी माणसे त्यांनी गमावली.

आसामात, सिलचर येथे पतीच्या ग्रंथांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती, आणि ॲलन नावाच्या बाप्तिस्त मिशनरी गृहस्थांकडून त्यांनी काही ऐकलेही होते. १८८२ साली त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. वैद्यकी शिकण्याची त्यांची इच्छा होती. म्हणून १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन, आनंदीबाई भगत ह्या मैत्रिणीसह, त्या इंग्लंडास गेल्या. जाण्यापूर्वी आपण ख्रिस्ती होणार नाही, असे त्यांनी येथील मंडळींना बोलून दाखविले होते.

इंग्लंडात वाँटेज ह्या गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्या भगिनींचे लंडनजवळ फुलम येथेही काम होते. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे, प्रेम मिळे, नवे आयुष्य मिळे. रमाबाईंनी ते पाहिले आणि त्या चकित झाल्या. असल्या स्त्रियांवर कोणी माया करावी हेच त्यांना नवीन होते. ह्याचे कारण काय असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. भारतातील पिचलेल्या स्त्रीला उठविणारा हाच, असे रमाबाईंना त्या दिवशी वाटले. ह्याच दिवसांत आनंदीबाई भगतांनी मनाच्या क्षोभात आत्मघात केला, आणि परदेशात रमाबाई आपल्या तान्ह्या मुलीसह आणखीच एकट्या पडल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

विहिरीवरचा वादविवाद

त्या शोमरोनी स्त्रीची कथा आपल्याला पाठ आहे. परंतु त्या कथेतले एक वळण आपण पुष्कळदा लक्षात घेत नाही. प्रभू तिच्याशी पाण्याविषयी बोलतो तोवर ती बोलते. तो तिच्या घराविषयी, तिच्या नवऱ्यांविषयी बोलतो, आणि एकदम ती विषय बदलते. उपासना ह्या डोंगरावर करावी की यरुशलेमेत, हा वाद ती पुढे करते. प्रश्न खोटा नव्हता. पण त्या घटकेला तो तिचा आडोसा होता. जखमेला हात लागला की माणूस धर्माचा प्रश्न काढतो. आदाम व हव्वा ह्यांनी अंजिराची पाने शिवली तेव्हापासून आपल्याला लपण्याची कला कोणी शिकवावी लागत नाही. आणि सर्वांत सोयीची पाने म्हणजे धर्माच्या गोष्टी.

रमाबाईंच्या त्या आठ वर्षांत वादविवाद भरपूर झाले. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात त्या शिकत होत्या व शिकवीतही होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन ह्यांना त्या प्रेमाने आजीबाई म्हणत. ह्या आजीबाईंशी आणि कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील ह्यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली पुस्तकरूपाने मुंबईत प्रसिद्ध झाला. तो वाचताना थक्क व्हायला होते. त्रैक्याविषयी, प्रभूच्या देवत्वाविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी त्या एकेक मुद्दा सोलून पाहतात. कोणाचे पांडित्य मोठे म्हणून त्या मान तुकवीत नाहीत.

येथे आम्हांस एक गोष्ट जपून सांगावयाची आहे. ह्या वादांतला प्रत्येक नकार म्हणजे लपणे होते, असे समजू नये. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपल्या लोकांना कळेल अशा भाषेतली का नकोत, असे त्यांनी विचारले. त्यात गैर काय होते? त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये असा बिशपांनी आग्रह धरला, तेव्हा त्यांनी स्वतंत्रपणे विचार करण्याचा आपला हक्क सोडला नाही. शाकाहार त्यांनी सोडला नाही, आणि ते जातीचे खूळ असे म्हणणाऱ्यांचे ऐकलेही नाही. हा त्यांचा ताठ कणा होता. तो देवानेच दिलेला होता, आणि पुढे मुक्तिसदन उभे राहिले ते ह्याच कण्यावर.

मग ढाल कोणती आणि कणा कोणता, हे ओळखावे कसे? आम्हांस वाटते, ढाल आपल्याला जवळ येऊ देत नाही. कणा आपल्याला उभे ठेवतो. रमाबाई बिशपापुढे उभ्या राहिल्या तो कणा. परंतु सगळे सिद्धांत तपासून, तोलून, पटवून घेतले म्हणजे आपले देवाशी नाते जुळले, अशी जी एक खात्री त्यांनी हाती धरली होती, ती ढाल. लहानपणी श्लोक बरोबर आला की पोटाला मिळे. आता सिद्धांत बरोबर आला की तारण मिळेल, असा तर त्या जुन्या सवयीचा हिशेब नसेल? असा आमचा अदमास आहे, आणि तो अदमास म्हणूनच घ्यावा. पण त्यांच्या साक्षीतून एवढे निश्चित दिसते की ह्या काळात त्यांची श्रद्धा बरीचशी बुद्धीची होती, नाना पंथांच्या मतांनी त्या गोंधळून गेल्या होत्या, आणि अंतःकरणाला जे हवे होते ते मिळालेले नव्हते.

ह्याच काळात आणखी एक आधार सुटला. त्यांची श्रवणशक्ती कमी होत गेली आणि वैद्यकीचा विचार सोडावा लागला. १८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि बॉस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. बाहेरून पाहणाऱ्यास वाटले असेल, ह्या बाईला काय कमी आहे?

शरण

ह्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. ह्या हॅस्लमची कथा विलक्षण आहे. तो कॉर्नवॉल परगण्यात चर्चचा पाळक होता, मंडळीची देखभाल करीत होता, परंतु स्वतः तारणाचा अनुभव घेतलेला नव्हता. १८५१ साली स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करता करता त्याचे परिवर्तन झाले. दुसऱ्यांना देता देता आपली ओंजळ रिकामी आहे हे त्याला उमगले.

हे वाचून रमाबाई थबकल्या. पुस्तक मिटून बाजूला ठेवण्याऐवजी त्यांनी ते आपल्यावर लावून पाहिले. आपला बाप्तिस्मा झाला, आपण उपासना करतो, शास्त्र वाचतो, सेवा करतो. पण आपण ख्रिस्ताकडे पाहतो की ख्रिस्ताच्या धर्माकडे? ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःला टाळू दिले नाही. पवित्र शास्त्र पुन्हा उघडले, प्रार्थनेत वेळ घालविला, आणि हळूहळू त्यांना आपली खरी अवस्था दिसू लागली. आपल्याजवळ देवाला दाखविण्यासारखे काही नाही, विद्या नाही, पुण्य नाही, सेवाही नाही, आणि ते असण्याची गरजही नाही, हे त्यांना समजले. पापी म्हणून जावे, आहे तसे जावे, आणि आजच जावे. त्या गेल्या. काही अट न घालता त्यांनी स्वतःला प्रभूच्या हाती दिले.

ध्यानात घ्या, त्यांना कोणी वादात हरविले नाही. इंग्लंडातल्या विद्वानांना जे साधले नाही ते एका पाळकाच्या साध्या कबुलीने साधले. एका माणसाने आपली पाने काढून टाकली, ते पाहून दुसऱ्याला आपली दिसली. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्गातही हेच खरे आहे. आपल्या हुशारीने मूल खुले होत नाही. आपल्या खरेपणाने होते.

उघडे दार

ढाल खाली ठेवल्यावर रमाबाई दुबळ्या झाल्या काय? त्यानंतरची तीस वर्षे पाहावीत.

शारदासदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावयाचे असे ठरले होते, आणि रानडे, भांडारकर ह्यांसारखी थोर माणसे सल्लागार होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यावरून गलका झाला. तटस्थतेचा करार मोडला असे सल्लागारांना वाटले, आणि १८९३ साली ते बाजूला झाले. कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहता, दार लावून घेणे किती सोपे होते! लावले असते तर मान, मदत, मित्र सारे राहिले असते. रमाबाईंनी दार लावले नाही. जिने अन्नासाठी लोकांच्या पसंतीवर लहानपण काढले, तिने आता लोकांची नापसंती सोसली.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तिरुपतीच्या रानातली ती उपासमार रमाबाईंच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभी राहिली. जी आठवण माणूस गाडून टाकतो, तिच्याच मागोमाग त्या निघाल्या आणि सुमारे तीनशे स्त्रिया व मुली घेऊन आल्या. केडगावच्या शेतावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आणि तेथे मुलींना काय शिकविले? वाचन-लेखन तर होतेच, पण त्याबरोबर शेती, विणकाम, छपाई, स्वयंपाक. ज्या घराला हाताचे काम येत नव्हते आणि लाजेपायी करताही आले नाही, त्या घरच्या लेकीने हजारो मुलींचे हात कामाला लावले. जुनी जखम लपविली असती तर हे झाले नसते.

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. ज्यांना सरस्वती ही पदवी संस्कृतामुळे मिळाली, त्यांना जडजंबाल संस्कृत शब्दांची रास घालणे अवघड नव्हते. त्यांनी नेमके उलटे केले. खेड्यातल्या, थोडे लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला समजावी अशी साधी मराठी त्यांनी पत्करली. मुक्तीच्या मुलींनीच ती पाने छापली. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये झोपी गेल्या, आणि १९२४ साली संपूर्ण पवित्र शास्त्र प्रसिद्ध झाले.

विद्या गेली नाही, हे पाहावे. तीच विद्या, तीच स्मरणशक्ती, तोच चिकाटीचा कणा. पूर्वी ती रमाबाईंना जपण्यासाठी होती. आता ती दुसऱ्याला देण्यासाठी झाली. शोमरोनी स्त्री आपली घागर विहिरीजवळ ठेवून गावात धावली. घागर वाईट नव्हती. तिच्यावाचून घर चालत नसे. पण त्या दिवशी गावाला निरोप द्यायचा तर हात मोकळे हवे होते. आम्हांस वाटते, १८९१ साली रमाबाईंनी आपली घागर अशीच खाली ठेविली, आणि खरी रमाबाई कोण हे त्यानंतर जगाला दिसले.

आपली घागर

आता आमच्याविषयी थोडे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका वृद्ध सभासदांचा तरणा मुलगा गेला. आम्ही समाचाराला गेलो आणि पुनरुत्थानावर जवळजवळ अर्धा तास बोललो. वचने नेमकी होती, क्रम व्यवस्थित होता. निघताना त्या म्हाताऱ्या बाबांनी आमचा हात धरून, आम्ही स्वतः कधी रडलो होतो काय, असे विचारले. आम्ही आणखी एक वचन सांगितले आणि बाहेर पडलो. घरी येईपर्यंत आम्हांस कळून चुकले होते की बाबांनी आम्हांला आत बोलाविले होते आणि आम्ही दारातच वचनाची ढाल धरून उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. त्या दिवशी आम्ही फारसे बोललो नाही.

प्रत्येकाची घागर निराळी असते. कोणाची विद्या, कोणाची थट्टामस्करी, कोणाचा राग. कोणी सतत कामात राहतो, म्हणजे कोणी काही विचारायला नको. कोणी गप्प राहतो. कोणी सगळ्यांना होय म्हणतो, म्हणजे कोणी रागवायला नको. बहुधा ह्या सवयी लहानपणी कोणत्या तरी दुष्काळात लागलेल्या असतात, आणि त्या वेळी त्यांनी आपल्याला वाचविलेले असते. म्हणून त्यांचा धिक्कार करून भागत नाही. त्यांना ओळखावे, त्यांनी केलेल्या उपकाराबद्दल देवाचे आभार मानावेत, आणि मग विचारावे: हा थंडीतला खड्डा अजून हवा आहे काय?

ह्या महिन्यात शिक्षकांनी आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी एक संध्याकाळ राखून योहानाचा ४ था अध्याय शांतपणे वाचावा. वाचून झाल्यावर तीन प्रश्न देवापुढे ठेवावेत. माझ्या आयुष्यातल्या कोणत्या गोष्टीला हात लागला की मी विषय बदलतो? ही सवय मला केव्हा आणि कोणत्या भीतीने लागली? आणि ती खाली ठेवली तर माझे हात कोणासाठी मोकळे होतील? उत्तर लगेच आले नाही तरी घाबरू नये. रमाबाईंसारख्या बाईलाही आठ वर्षे लागली, आणि त्या आठही वर्षांत प्रभू त्यांना सोडून गेला नव्हता. तो विहिरीजवळ बसून होता. आपल्यासाठीही तो तेथेच बसला आहे.